असता-असतीच्या वाटेने फ्रेंच

जून सरत आला आणि मृग कोरडा गेला, की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, कृषी केंद्राच्या ओट्यावर तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘पाऊस आला तर पेरू.’ ‘मागच्या आठवड्यात आला असता तर पेरणी उरकली असती.’ आणि ‘मोताळ्याकडं झाला म्हणे.’ पहिल्यात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात हळहळ आणि तिसऱ्यात ऐकीव बातमी. मराठी माणूस ही तीन वाक्ये तीन वेगळ्या साधनांनी बांधतो. फ्रेंच माणूस पहिले वाक्य साध्या वर्तमान-भविष्यावर भागवतो: ‘सिल प्ल, ओं सेम्रा.’ उरलेल्या दोन्ही वाक्यांना मात्र तो क्रियापदाचे एकच रूप लावतो. पेरणी ‘ओरे समे’, म्हणजे उरकली असती. आणि मोताळ्याला पाऊस ‘ओरे प्ल्यू’, म्हणजे झाला म्हणे. जे घडले नाही ते आणि जे घडल्याची खात्री नाही ते, दोन्ही फ्रेंच भाषेने एकाच कप्प्यात ठेवले आहे. या कप्प्याला फ्रेंच व्याकरणात ‘कोंदिसियोनेल’ म्हणतात. आपल्या व्याकरणातला जवळचा शब्द संकेतार्थ. हे पुस्तक त्या एका कप्प्याविषयी आहे.

एका क्रियारूपावर सबंध पुस्तक कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची गाडी नेमकी कुठे अडते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न पडणार नाही. वर्तमानकाळ पाठ होतो, भूतकाळाची दोन रूपे धडपडत का होईना जमतात, लिंगभेदाची मराठीला सवय असल्याने तिथेही फारसे अडत नाही. संकेतार्थाशी आल्यावर मात्र हुशार विद्यार्थीही अंदाजाने लिहू लागतो. याचे कारण फ्रेंच अवघड आहे हे नव्हे. कारण असे, की आपण त्याला आडवाटेने नेतो. मराठीतून निघालेला विद्यार्थी आधी इंग्रजीच्या ‘वुड’पाशी नेला जातो आणि तिथून फ्रेंचकडे. ही वाट लांबची तर आहेच, पण चुकीच्या गावालाही नेते.

इंग्रजीत ‘वुड’ हा एकच शब्द ‘तो गेला असता’ यालाही चालतो आणि ‘तो रोज जायचा’ यालाही. फ्रेंचमध्ये ही दोन वेगळी रूपे आहेत: ‘जायचा’ला अपूर्ण भूतकाळ, ‘गेला असता’ला संकेतार्थ. मराठीत ती मुळातच वेगळी आहेत. सिंदखेड राजाच्या कुठल्याही पोराला ‘आजोबा रोज शेतात जायचे’ आणि ‘आजोबा शेतात गेले असते’ यांतला फरक शिकवावा लागत नाही. मराठीचा हात धरून तो थेट फ्रेंचमध्ये शिरला तर इथे चुकायला जागाच नाही. इंग्रजीमार्गे गेला तर चुकल्याशिवाय राहत नाही. या पुस्तकाचा सगळा आग्रह इतकाच आहे: मराठी भाषकाजवळ जे आधीपासून आहे, ते फ्रेंच शिकताना दाराबाहेर काढून ठेवायला लावू नये.

आता हे रूप बनते कसे ते पाहू. कृती सोपी आहे. भविष्यकाळासाठी क्रियापदाचे जे अंग वापरतात तेच घ्यायचे आणि त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावायचे. ‘पार्ले’, म्हणजे बोलणे. भविष्याचे अंग ‘पार्लर’. त्यावर भूतकाळी प्रत्यय चढला की ‘ज पार्लरे’, मी बोललो असतो, बोलेन म्हणतो. मी, तू, तो आणि ते या चारही कर्त्यांना प्रत्ययाचे लेखन तीन तऱ्हांचे, पण उच्चार एकच ‘ए’; फक्त ‘आम्ही’ला ‘यों’ आणि ‘तुम्ही’ला ‘ये’. अनियमित अंगे मूठभरच आहेत: असणेचे ‘सर’, जवळ असणेचे ‘ओर’, जाणेचे ‘इर’, करणेचे ‘फर’, येणेचे ‘व्ह्यँद्र’, शकणेचे ‘पुर’, इच्छिणेचे ‘वुद्र’ आणि अशीच आणखी काही. भविष्यकाळ शिकताना ती पाठ झालेलीच असतात, त्यामुळे संकेतार्थासाठी नव्याने घोकायला जवळजवळ काही उरत नाही. लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. प्रथमपुरुषी एकवचनात भविष्य आणि संकेतार्थ यांत अखेरच्या एका ‘एस’चा फरक असतो आणि बोलताना तो फरक खुद्द फ्रान्समधले कितीतरी लोक पाळत नाहीत.

भविष्याचे अंग आणि भूताचे प्रत्यय ही जोडी विचित्र वाटते, पण ज्यांचा संस्कृतातल्या लृङ् लकाराशी परिचय आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. ‘अभविष्यत्’ उलगडून पाहा: मध्ये भविष्याचे ‘भविष्य’, सुरुवातीला भूतकाळाचा ‘अ’, शेवटी भूतकाळाचा प्रत्यय. पाणिनीय परंपरेने या अर्थाला क्रियातिपत्ती म्हटले, म्हणजे क्रिया सिद्धीला न जाणे. दोन भाषांनी एकमेकींचे काही न घेता, हजार-दीड हजार वर्षांच्या अंतराने, न घडलेल्या गोष्टीसाठी एकच युक्ती योजावी, याचे मला दर वेळी नवल वाटते. भूतकाळात उभे राहून पुढे पाहायचे आणि तिथून दिसलेले भविष्य प्रत्यक्षात उतरले नाही, तर त्याला हे रूप द्यायचे.

लॅटिनमध्ये असे वेगळे रूप नव्हते. उत्तरकालीन बोलभाषेत क्रियापदाच्या मूळ रूपापुढे ‘जवळ असणे’चे रूप ठेवायची रीत पडली. ‘गायचे आहे’ यातून फ्रेंचचा भविष्यकाळ आला आणि ‘गायचे होते’ यातून संकेतार्थ. मराठी माणसाला हे पटवायला वेगळा दाखला द्यावा लागत नाही, कारण ‘मला गायचं होतं’ म्हणताच ऐकणाऱ्याला गाणे झाले नसावे असे आपोआप वाटते. फ्रेंचचा पहिला लेखी पुरावा ८४२ सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथांमध्ये सापडतो. त्यात भविष्यकाळ आहे. संकेतार्थाचे पहिले रूप ८८०च्या सुमाराच्या संत युलालीवरील काव्यात, ‘सोस्तेंद्रेयेत’ या शब्दात. म्हणजे भाषा कागदावर उतरू लागली तेव्हापासून हे रूप तिच्यासोबत आहे. जुनी फ्रेंच पुस्तके चाळणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. हल्ली ‘ए-आय’ अशा अक्षरांनी लिहिले जाणारे हे प्रत्यय पूर्वी ‘ओ-आय’ने लिहीत. व्हॉल्तेअरने बदलाचा आग्रह धरला आणि फ्रेंच अकादमीच्या कोशाने तो १८३५च्या आवृत्तीत स्वीकारला.

मराठीची वाट निराळी. लृङ् आपल्यापर्यंत पोचला नाही. प्राकृतात वर्तमानकालवाचक धातुसाधितच न घडलेल्या क्रियेसाठी वापरात आले होते. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात त्याची नोंद केली आहे. आपला ‘असता’, ‘करता’ त्याच घराण्यातला. जुन्या मराठीत आणि आजही काही बोलींत नुसते ‘तो येता तर’ चालते. प्रमाण मराठीने पुढे ‘आला असता’ हे जोडरूप रूढ केले. घाटाखालच्या वऱ्हाडीत ‘तर’चा ‘त’ होतो, ‘पानी आलं असतं त’, पण ‘असतं’ जागचे हलत नाही.

व्याकरणकारांमध्ये या रूपावरून जो वाद झाला तो दोन्ही भाषांत समांतर चालला आहे. हा काळ की अर्थ? १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी निबंध लिहिले. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी आपण शाळेत शिकतो ती याच परंपरेतली. इथे संकेतार्थ हा बोलणाऱ्याच्या मनाचा कल दाखवणारा ‘अर्थ’ आहे. फ्रेंचमध्येही दीर्घकाळ हेच मत होते. एकोणिसाव्या शतकातल्या शालेय व्याकरणांनी निश्चयार्थ आणि आज्ञार्थ यांच्या शेजारी त्याला स्वतंत्र पाट मांडून दिला. विसाव्या शतकात गुस्ताव्ह गियोम या भाषाशास्त्रज्ञाने १९२९च्या ‘काळ आणि क्रियापद’ या ग्रंथातून हा पाट उचलला. त्याचे म्हणणे, हे रूप भविष्यकाळाचेच भावंड आहे, फक्त त्याच्यावर कल्पनेचा भार जास्त. ‘ल बों न्युझाज’ हे मॉरिस ग्रव्हीस यांचे व्याकरण १९३६चे. त्याच्या सुधारित आवृत्त्यांत त्यांचे जावई आंद्रे गूस यांनीही संकेतार्थ निश्चयार्थाच्या काळांमध्ये धरला. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या बाजूचे आहेत.

मला स्वतःला दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या खऱ्या वाटतात आणि शिकणाऱ्याने हा वाद सुटायची वाट पाहू नये असे वाटते. रूप कसे झाले ते गियोम उत्तम सांगतो. ते कधी वापरायचे हे समजायला दामल्यांचा ‘अर्थ’ जास्त उपयोगी पडतो. म्हणून या पुस्तकात संज्ञा जुनीच ठेवली आहे आणि घडण सांगताना नव्यांचा आधार घेतला आहे.

खरी कसोटी दोन ठिकाणी लागते आणि पुस्तकाची निम्म्याहून अधिक पाने त्यांच्यासाठीच खर्ची पडली आहेत. पहिली जागा ‘जर-तर’च्या वाक्याची. मराठीत दोन्ही पारडी सारखी असतात: ‘पाऊस पडला असता तर आम्ही पेरलं असतं.’ इकडे असता, तिकडे असतं. फ्रेंचमध्ये ‘सी’ने सुरू होणाऱ्या अर्ध्या वाक्यात संकेतार्थ येतच नाही, तिथे भूतकाळाचे रूप आणि संकेतार्थ फक्त दुसऱ्या अर्ध्यात. ‘सिल आव्हे प्ल्यू, नूझोरियों समे.’ मराठी कानाला हे लंगडे वाटते आणि हात आपोआप दोन्हीकडे ‘ओरे’ लिहितो. दिलासा एवढाच की फ्रान्समधली शाळकरी मुलेही नेमके हेच करतात आणि त्यांच्या शिक्षकांनी ती चूक थांबवायला करवत आणि मासा यांच्यावरची एक शाब्दिक कोटी पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. मराठी मुलाला कोटीपेक्षा कारण द्यावे. अट भूतकाळात टाकली की ती दूर जाते, हातातून सुटलेली वाटते; तेवढ्याने काम भागते म्हणून फ्रेंच तिथे दुसरे ओझे घालत नाही.

दुसरी जागा अधिक अवघड आहे, कारण ती मराठीच्या एका सोयीतून निर्माण होते. ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी घर घेतलं असतं.’ हे वाक्य आज रिकाम्या खिशाने बोलणारा म्हणू शकतो आणि दहा वर्षांपूर्वी संधी हुकलेलाही म्हणू शकतो. मराठी संदर्भावर सोडते. फ्रेंच सोडत नाही. आज पैसे नाहीत, असते तर आज घेईन, असे असेल तर ‘सी जाव्हे द लार्जां, जाशेत्रे’. वेळ निघून गेली असेल तर दोन्हीकडे एक पायरी मागे जायचे: ‘सी जाव्हे ज्यू द लार्जां, जोरे आश्ते’. म्हणून प्रत्येक वाक्याआधी विद्यार्थ्याने स्वतःला एकच विचारायचे: वेळ अजून आहे की गेली? सरावाची वाक्ये याच प्रश्नाभोवती रचली आहेत. विहिरीचे पाणी, सोयाबीनचा भाव, खामगावच्या बाजारातली कापसाची गाडी, चुकलेली मलकापूरची रेल्वे, अशी इथल्या जगण्यातली वाक्ये मुद्दाम घेतली. पॅरिसच्या मेट्रोची वाक्ये पाठ्यपुस्तकांत पुष्कळ असतात आणि असावीतही. पण गेलेली वेळ आणि उरलेली वेळ यांतला भेद मनात मुरायला ओळखीचा प्रसंग लागतो.

तिसरी अडचण छोटी, पण हटवादी. ‘तो म्हणाला, मी येईन.’ मराठी दुसऱ्याचे बोलणे आहे तसे पुढे करते, काळही बदलत नाही नि पुरुषही बदलत नाही. फ्रेंचमध्ये म्हणणे भूतकाळात गेले की त्या वेळचे ‘येईन’ संकेतार्थात जाते: ‘इल आ दि किल व्ह्यँद्रे.’ मराठीत याच्या जवळ जाणारे रूप शोधायचे तर ‘येणार होता’ हे आहे. त्यावरून गेले की बरेच सोपे जाते.

मराठी आणि फ्रेंच जिथे मनाने एक आहेत त्या जागाही दाखवायला हव्यात. दुकानात शिरून ‘मला साखर पाहिजे’ म्हणणे वेगळे आणि ‘जरा साखर हवी होती’ म्हणणे वेगळे. ‘एक विचारायचं होतं’ असे म्हणणारा आत्ताच विचारत असतो. मागे सरून, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवून. फ्रेंच ‘ज वुद्रे’ अगदी हेच करते. फ्रान्समध्ये पाव घ्यायचा असो की रेल्वेचे तिकीट, हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून लागतात आणि पाठ्यपुस्तके ते तयार वाक्य म्हणून घोकून घेतात. मराठी विद्यार्थ्याला घोकावे लागू नये. तो ज्या अदबीने घरी, दुकानात, कचेरीत बोलतो तीच इथे आहे. तसेच ‘तू जायला हवं’ आणि ‘तू जायला हवं होतंस’ यांतला सल्ल्याचा आणि बोल लावण्याचा फरक फ्रेंच संकेतार्थाच्या साध्या आणि संयुक्त रूपांनी जसाच्या तसा उतरतो.

बातमीतला संकेतार्थ मात्र आपल्या वाचकांना चकवतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळे, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले जाणते निरीक्षण करून पावसाचे, पिकांचे भाकीत सांगतात आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. आपला वार्ताहर लिहितो, ‘पाऊस साधारण राहील, असे भाकीत वर्तवण्यात आले.’ हीच बातमी फ्रेंच वृत्तपत्राने दिली तर ‘पाऊस साधारण’ याच्यापुढचे क्रियापद संकेतार्थात जाईल. त्याचा अर्थ ‘पाऊस झाला असता’ असा मुळीच नाही. अर्थ इतकाच, की हे त्यांचे म्हणणे आहे, आम्ही हमी घेत नाही. आपण हे काम ‘म्हणे’, ‘कळते’, ‘समजते’ यांच्याकडून करून घेतो. एखाद्या मंत्र्याने ‘राजीनामा दिल्याचे समजते’ ही ओळ फ्रेंचमध्ये संकेतार्थात असते आणि ती ‘दिला असता’ अशी वाचणारा वाचक बातमीच उलटी करतो. वृत्तपत्रीय भाषांतरातला हा सगळ्यात धोक्याचा खड्डा आहे, म्हणून त्याला पुस्तकात लांबलचक जागा दिली.

मराठी आणि फ्रेंच यांची ओळख तशी जुनी आहे. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी पुस्तकांच्या आधाराने जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या जडणघडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये निघाला आणि वा. गो. परांजप्यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. आपल्या भाषेच्या इतिहासाचा पाया आजही तिथूनच सांगितला जातो. गी दलरी यांनी तुकोबांचे अभंग १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये नेले. गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून हेमा राईरकरांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या फ्रेंच अभ्यासकांनी मराठी शिकताना आपली मातृभाषा सोबत ठेवली होती. आपणही फ्रेंच शिकताना तेच करावे.

मॉरिशसमधली मराठी कुटुंबे हे आधीच करत आली आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणी माणसांची मुले-नातवंडे आज घराबाहेर क्रिओल बोलतात, वृत्तपत्र फ्रेंचमध्ये वाचतात आणि शाळेत मराठीही शिकतात. त्यांच्या क्रिओलमध्ये संकेतार्थ ‘ति पु’ या दोन शब्दांनी होतो: ‘ति’ भूतकाळाचा, ‘पु’ भविष्याचा. प्रत्यय गळून गेले तरी भूत आणि भविष्य यांची जोडी तिथेही शाबूत आहे.

आज या विषयाची निकड वाढली आहे. पूर्वी फ्रेंच ही पुण्या-मुंबईची, बारावीला गुण वाढवून देणारी भाषा होती. आता जिल्ह्याच्या ठिकाणची, तालुक्यातली मुलेही मोबाइलवरच्या वर्गातून ती शिकतात. कुणाला फ्रान्समध्ये शिकायचे असते; २०३०पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी घेण्याचे उद्दिष्ट त्या देशाने जाहीर केले आहे. कुणाला कॅनडाच्या क्वेबेकमध्ये काम हवे असते. फ्रेंचच्या देल्फ परीक्षेच्या बी-१ पातळीवर आपले मत मांडणे, सल्ला देणे, कल्पना करणे यांवर भर असतो आणि संकेतार्थाशिवाय यांतले काहीच नीट होत नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तिथे इंग्रजी माध्यमवाल्याच्या मागे पडतो असा सार्वत्रिक समज आहे. संकेतार्थापुरते तरी मी उलटे म्हणेन. सुरुवात त्याच्या भाषेतून झाली, तर तो दोन पावले पुढे असतो.

पुस्तक कसे वापरावे याविषयी थोडे. फ्रेंच उच्चार देवनागरीत दिले आहेत ते तोंडाला वळण लागावे म्हणून. फ्रेंचमधले नाकातले आणि ओठ गोल करून काढायचे स्वर देवनागरीत पुरते मावत नाहीत, तेव्हा ध्वनिमुद्रण ऐकायलाच हवे. प्रत्येक फ्रेंच वाक्याआधी त्याचे मराठी वाक्य आहे, आणि ते भाषांतर नाही. ते आधी बोलून पाहायचे, कुठल्या प्रसंगात म्हणू ते ठरवायचे आणि मग फ्रेंचकडे वळायचे. मराठी वाक्यांत वऱ्हाडी रूपे जिथे आली तिथे ती शुद्ध करून घेतलेली नाहीत. संयुक्त संकेतार्थाचे ‘इल यू’ हे दुसरे, ग्रांथिक रूप केवळ ओळखण्यापुरते दिले आहे. पास्कालने क्लिओपात्राच्या नाकाविषयी केलेले प्रसिद्ध विधान मुळातून वाचायचे तर ते लागते, बोलताना ते कुणी वापरत नाही. मुलांच्या खेळातला संकेतार्थ, ‘तू राजा हां, मी चोर’ या चालीचा, शेवटी ठेवला आहे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी तो भाग आधी वाचला तरी चालेल.